आजीचं सहस्रचंद्रदर्शन आणि तिचा एक धड फोटो: माझा अनुभव

मी पुण्यात पोर्ट्रेट फोटोग्राफी करते, आणि या कामात एक फोन मला नेहमी येतो. आई किंवा वडील गेलेले असतात, तेराव्याच्या आत फ्रेम पाहिजे असते आणि घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो नसतो. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरे ते बाबा, त्यांना तेवढं कापून मोठं करून द्या. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांबीला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो, त्यातला चेहरा म्हणजे नखाएवढा, तो बारा बाय अठरा इंची करायचा म्हटलं की नाकडोळे विरघळूनच जातात. नाही म्हणवत नाही, करून देते जमेल तसं, पण प्रत्येक वेळी पोटात कालवतं. म्हणून आजीचं सहस्रचंद्रदर्शन सांगलीच्या घरीच करायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यांना आधीच सांगितलं, बाकी काहीही ठरवा पण सकाळचा पहिला तास माझा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस असतात, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात, म्हणून ८१ वं चालू असताना हा सोहळा करायची पद्धत आहे. आमच्याकडे जानेवारीतला रविवार धरला कारण थंडी असते, आजीला उकाडा अजिबात सोसत नाही.

प्लॅनिंगमध्ये सगळ्यात आधी ठरते ती पंगत. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात, अळूचं फदफदं, यावर एका बैठकीत एकमत झालं. पाहुण्यांची यादी काकूनं केली, आहेराचं आत्यानं बघितलं, ते सगळं सुरळीत झालं त्याबद्दल फार लिहीत नाही. अडलं ते वेळेवर. गुरुजींनी सकाळी साडेआठला पुण्याहवाचन आणि मग होम असं सांगितलेलं. आता होम म्हणजे धूर, आजीचे डोळे धुरानं लगेच लाल होतात आणि पाणी येतं, त्यात दोन तास खाली मान घालून बसल्यावर तिच्या चेहऱ्यावर काही उरतच नाही. तिचा दिवसातला चांगला वेळ म्हणजे चहा आणि गोळ्या झाल्यावरचा, साडेआठ ते साडेनऊ. दहानंतर गुडघा बोलायला लागतो. मी गुरुजींना फोन करून हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "अहो मग दहाला सुरू करू की, मुहूर्त आहे तोपर्यंत. सोहळा आजींचाच आहे ना." इतकं सोपं होतं ते. घरातले मोठे मात्र गुरुजींना वेळ बदलायला कसं सांगायचं म्हणून गप्प बसलेले. मला वाटतं वयस्कर माणसाचा कार्यक्रम करताना घड्याळ त्याच्या अंगाप्रमाणे लावावं, पाहुण्यांच्या गाडीप्रमाणे नाही, आणि हे आपण फार क्वचित करतो.

दुसरा विषय डेकोरेशन. धाकट्या चुलतभावानं हौसेनं फुग्यांची कमान, मागे जांभळ्या एलईडीच्या माळा आणि मोठा चमकता ८१ असा आकडा ठरवलेला. त्याला मी जवळ बसवून मोबाईलवर दाखवलं, जांभळा उजेड गालावर पडला की सावळ्या माणसाची कातडी कशी राखाडी दिसते, नंतर कितीही कलर करेक्शन करा ती मूळ रंगावर येत नाही. घरातला पिवळा बल्ब आणि खिडकीतला उजेड एकत्र झाले तरी अर्धा चेहरा पिवळा अर्धा निळा होतो. पोरगा समजूतदार, त्यानं माळा परसात नेल्या आणि सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, नुसती आंब्याची पानं आणि झेंडू. झेंडूसुद्धा खुर्चीपासून लांब, कारण त्याचा केशरी रंग हनुवटीखाली उतरतो.

पण सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आजी म्हणायला लागली की मला कशाला ओवाळताय, मी पाटावर बसणार नाही, गजरा तर नाहीच. नात्यातल्या एकीनं पण हळूच म्हटलं की सवाष्णींनीच ओवाळू दे, बाकीच्यांनी लांबून नमस्कार करावा. मला फार राग आला. आमच्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना पण तसं करायला सांगितलं, आणि आम्ही शिकलेली माणसं घरात ही चर्चा करतोय. आई भांडली नाही. तिनं फक्त मावशीआजीला, म्हणजे आजीच्या धाकट्या बहिणीला, चार दिवस आधी बोलावून घेतलं. ती पण एकटीच आहे. दोघी बहिणी सोप्यात बसून वाती वळत राहिल्या, काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही, पण शनिवारी रात्री आजी म्हणाली, "गजरा माळीन, कुंकू नको. आणि पहिलं हिनं ओवाळायचं." एवढंच. आम्ही कुणीच त्यापुढे आग्रह केला नाही.

आता फोटोचं. आमचा सोपा उत्तरेकडे उघडा आहे, थंडीत तिथं थेट ऊन येतच नाही, दिवसभर एकसारखा मऊ उजेड, मला स्टुडिओत एवढा चांगला उजेड करायला दोन सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारे दिवे) लावावे लागतात. ट्यूब बंद केली, पाठ सरळ राहील अशी लाकडी खुर्ची घेतली, कमरेला उशी, पायाखाली पाट, आणि सावलीच्या बाजूला आजोबांचं पांढरंशुभ्र धोतर दोरीवर लावलं, रिफ्लेक्टर म्हणून, म्हणजे उजेड त्यावरून उलटून चेहऱ्यावर पडतो. ८५ मिमीची लेन्स, तिचं छिद्र f/२.८, शटर सेकंदाच्या १/२००. जवळून मोबाईलनं काढलं की नाक मोठं दिसतं, तसं या लेन्सनं होत नाही कारण आपण दोन अडीच मीटर मागे असतो, आणि समोरचा माणूस पण बुजत नाही.

चष्म्यावर उजेडाची पांढरी पट्टी येत होती. चष्मा काढायला सांगायचा नाही, चष्म्याशिवाय ती आजी दिसतच नाही. कानावरच्या काड्या बोटभर वर उचलल्या की काचा किंचित खाली झुकतात आणि पट्टी जाते, समोरून कळत पण नाही. कवळी घालणार का विचारलं तर म्हणाली, "नको गं, मला तिनं बोलता येत नाही." मग नको. जांभळी इरकल, काठ लाल, पदर दोन्ही खांद्यांवरून, हात मांडीवर. तिच्या बोटांना अजून वातीच्या कापसाचे तंतू चिकटलेले, ते मी पुसू दिले नाहीत. मी "हसा" म्हणत नाही कुणालाच. मावशीआजीला माझ्या मागे बसवलं आणि दोघींना त्यांच्या शाळेबद्दल बोलायला लावलं, कुठल्या बाई मारायच्या, कुठल्या विहिरीवर जायच्या. मध्येच आजी मला म्हणाली, "नीट काढ, नंतर हाच लावायचाय हार घालून." मी म्हटलं आजी, हा मी आत्ताच लावणार आहे, तुझ्यासमोर.

दहाला होम सुरू झाला आणि मग मी कॅमेरा मामेभावाच्या हातात दिला, कारण मला नात म्हणून पण बसायचं होतं. फक्त औक्षणाला परत घेतला. परातीत ८१ पणत्या, त्यांची धग खरंच जोरात लागते, त्यामुळे सगळ्यांचे पदर पिनांनी आवळलेले आणि कोपऱ्यात पाण्याची बादली. फ्लॅश नाही, ISO (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ३२००, चेहऱ्याचा उजेड मोजायचा आणि ज्योती पांढऱ्या झाल्या तर होऊ द्यायच्या. मावशीआजीच्या हाताला कंप आहे म्हणून आईनं परात खालून धरली, आणि आजीनं बहिणीकडे असं बघितलं की मला फोकस दिसेना, डोळे भरून आलेले, ऑटोफोकसवर सोडून नुसतं बटण दाबत राहिले.

प्रिंट मॅटवर केल्या, ग्लॉसीवर सोप्यातल्या उजेडाची चकाकी आली असती. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) बारा बाय अठरा आरामात निघतो. सुरकुत्यांना हात लावला नाही, फक्त गालावर डास चावलेला तो डाग काढला. आजीला दाखवल्या तर तिनं स्वतःसाठी औक्षणाचा मागून घेतला, बहीण दिसते म्हणून, आणि खुर्चीतला सोप्यात लावायला सांगितला.

आता आत्या मागे लागलीये, काकांची पंच्याहत्तरी येतीये तेव्हा पण असंच कर. काकांचा चांगला वेळ संध्याकाळचा, दुपारची झोप झाल्यावर. त्यामुळे गुरुजींना आत्ताच विचारून ठेवलंय, विधी सकाळी उरकून घेऊ, पाहुणे आणि जेवण रात्री, आणि साडेचार ते साडेपाच सोपा मोकळा पाहिजे.