दुसऱ्या शहरातून सेकंडहँड गाडी आणताना: थंड इंजिनापासून घाटाच्या उतारापर्यंत

दुसऱ्या शहरात एक वापरलेली गाडी पसंत केली, ती घेतली आणि चालवत घरी आणली. धाकटा भाऊ सोबत होता. गाडी पेट्रोलवरची, मॅन्युअल गिअरची, छोटी हॅचबॅक. वाटेत सपाट हायवे, मोठा घाट, धो धो पाऊस, रात्रीचा टप्पा सगळं लागलं. अशाच कामाला निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा तपशिलात लिहितो. माझं मत आता पक्कं आहे: गल्लीत दहा मिनिटं फेरी मारून गाडी कळत नाही. थंड इंजिन एक गोष्ट सांगतं, हायवेचा वेग दुसरी, चढ तिसरी, उतार चौथी. गाडी घेण्याआधी यातल्या जितक्या गोष्टी तपासता येतील तितक्या तपासाव्यात, आणि उरलेल्या वाटेत लक्ष ठेवून ओळखाव्यात.

पैसे देण्याआधी

निघण्यापूर्वी मालकांना फोनवर एकच विनंती केली होती, "आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. गरम इंजिन बरंच काही लपवतं. कमजोर बॅटरी, सुरू होताना येणारा निळसर धूर, पहिल्या काही सेकंदांतली टायमिंग चेनची (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या साखळीची) खडखड, हे सगळं पहिल्यांदा स्टार्टर मारतानाच समजतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ गारठ्यात थोडा वेळ दिसली तर काळजी नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही ती येतच राहिली आणि तिला गोडसर वास असला, तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये शिरतंय असं समजा.

इंजिन गार आहे तोवरच कूलंटचं झाकण उघडून पाहावं. वर तेलाचा तवंग असेल किंवा डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, दुधाळ ऑइल आलं, तर हेड गॅस्केटचं (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधल्या पॅकिंगचं) काम निघण्याची दाट शक्यता. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत थोडा पिवळसर फेस मात्र नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही जमतो, तो दमटपणाचा असतो. म्हणून निर्णय डिपस्टिक बघून घ्यावा.

भावाने स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला ओबीडी स्कॅनर लावला. हे छोटं यंत्र मोबाइलवर दोषांचे कोड दाखवतं. एकही कोड नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. कोड पुसून टाकता येतात. पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना 'रेडिनेस मॉनिटर' म्हणतात, त्याही शून्यावर जातात आणि काही दिवस गाडी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. कोड नाहीत पण मॉनिटर अपूर्ण आहेत, अशी गाडी दिसली की दोनच शक्यता: बॅटरी नुकतीच काढली होती किंवा काहीतरी पुसलंय. आमच्या गाडीत सगळे मॉनिटर पूर्ण होते, म्हणून पुढे गेलो.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा क्लचच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगची घासलेली कड आणि चालकाच्या सीटची उतरायची बाजू बघा. आकडा कमी आणि रबर गुळगुळीत, हे जुळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. गाडी पुरात बुडालेली असेल तर पट्ट्याच्या आतल्या भागावर गाळाची रेघ सापडते. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेले आहेत, का खोलले ते विचारा. दाराच्या रबरी बीडिंगवर रंगाचे शिंतोडे असतील तर ती बाजू पुन्हा रंगवलेली आहे. आणि सतरा अक्षरी चासी नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा एकेक अक्षर लावून बघायचाच. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. ती दिसली तर कुणीतरी नंबरात हात घातलाय.

टायरवर झालेला वाद

चारही टायरना नक्षी चांगली होती. पण टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर जी खूण असते, तिचे शेवटचे चार अंक वाचायचे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आमचे दोन टायर बाकीच्या दोनांपेक्षा बरेच जुने निघाले आणि त्यांच्या बाजूंवर बारीक चिरा होत्या. कमी चाललेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर कडक होतच राहतं. मालकांनी हे मान्य करून किंमत कमी केली आणि निघण्याआधीच आम्ही दोन नवीन टायर घातले.

दुकानदार नवीन टायर पुढे लावायला निघाला. पुढची चाकं गाडी ओढतात, मग नवे पुढेच हवेत, असं त्याचं म्हणणं. मी ते मागेच लावून घेतले, आणि हे तुम्हीही आग्रहाने करा. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बऱ्याचदा सावरते. मागची पकड सुटली तर गाडीची शेपूट फिरते, आणि ती सावरणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. त्यामुळे जास्त नक्षीची जोडी मागे. टायर कंपन्याही हेच सांगतात.

टायर घेताना आकार, लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग हे तिन्ही जुळवा. १८५/६५ आर १५ ८८एच असं लिहिलं असेल तर ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी घेऊ नये. हवेचा दाब चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर असतो तो ठेवावा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

त्याच दिवशी ब्रेक ऑइल बदललं. जुन्या मालकांकडे ते बदलल्याची नोंद नव्हती. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. पुढे घाट होता आणि उतारावर ब्रेक तापतात, म्हणून यात मी तडजोड केली नाही. दर दोन वर्षांनी ते बदलावं.

हायवे

सुरुवातीला गाडी मऊ चालली. वेग नव्वदच्या आसपास गेला की स्टीअरिंग हलकं थरथरायचं आणि शंभरच्या पुढे कमी व्हायचं. असं ठरावीक वेगालाच होत असेल तर बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंगचं काम असतं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर आली तर ब्रेक डिस्ककडे बघावं. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट. आणि वेगासोबत वाढणारी घूं घूं स्टीअरिंग किंचित वळवल्यावर बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. थांबून बघितलं तर पुढच्या एका रिमवरचं शिशाचं वजन गळून पडलं होतं, चिकटवल्याची खूण तेवढी उरली होती. पुढच्या गावात बॅलन्सिंग करून घेतलं, थरथर गेली.

हायवेवर थांबून हवा मोजली तर ती पट्टीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरेल. टायर तापल्याने हे होतं. ती काढू नका, नाहीतर सकाळी गार टायरमध्ये हवा कमी निघेल.

घाट

खरी कसोटी इथे. चढावर ट्रकांची रांग लागली, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकू लागल्या, आणि तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर जायला लागला. रांग जरा पळाली की काटा खाली, थांबली की वर. या चालीतच निदान आहे. थांबल्यावर तापते आणि पळताना गार होते, म्हणजे रेडिएटरमधून हवा ओढणारा पंखा चालत नाही. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर कूलंट कमी आहे, रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा वॉटर पंप गेलाय असं समजावं.

गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. पंखा स्तब्ध. भावाला म्हटलं, "एसी लाव बरं." एसी लावताच पंखा गरगरू लागला. बऱ्याच गाड्यांत एसी लावला की पंखा आपोआप चालतो. म्हणजे पंख्याची मोटर आणि तिचा फ्यूज धड होता. इंजिन तापलंय हा निरोप पंख्याला देणारा सेन्सर किंवा त्याची वायर बिघडली होती. एरवी इंजिन तापू लागलं की एसी बंद करून हीटर पूर्ण लावायचा आणि काचा उघडायच्या. हीटर इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढतो. आमच्या बाबतीत मात्र पंखा फिरवायला एसीच हवा होता, म्हणून एसी सुरू ठेवून काट्यावर नजर ठेवत चढ पार केला. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. घाटमाथ्याच्या पुढे एका गॅरेजमध्ये सेन्सर बदलला.

काटा लाल पट्ट्यात गेलाच तर पुढे एक किलोमीटरही रेटू नका. इंजिन बंद करा आणि कूलंटच्या झाकणाला हात लावू नका. आत दाब असतो. झाकण उघडताच उकळतं पाणी अंगावर येतं. वरचा जाड पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. अल्युमिनियमचं हेड वाकलं तर त्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार मोठा होतो.

उतारावर आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहिलो. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवायची सवय अजून खूप जणांना आहे, ती धोक्याची आहे आणि तिने पेट्रोलही वाचत नाही. फ्यूल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. ब्रेक सतत थोडासा दाबून धरू नये. थोडा जोर देऊन वेग उतरवावा आणि पाय काढावा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. पेडल मऊ लागू लागलं किंवा जळका वास आला तर जागा बघून थांबा.

पाऊस, रात्र आणि सकाळ

पावसात काचा आतून धुरकटल्या की एसी लावून बाहेरची हवा आत घ्यावी. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद हवं. पाणी साचलेल्या जागी स्टीअरिंग अचानक हलकं झालं तर टायर पाण्यावर तरंगतायत. ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टीअरिंग सरळ धरायचं. टायरच्या खाचांतल्या उंचवट्यांची १.६ मिलिमीटरची खूण ही शेवटची मर्यादा आहे, मी तीन मिलिमीटरलाच टायर बदलतो. रात्री निघण्याआधी एकाने मागे उभं राहून ब्रेकलाइट बघावेत, एवढं पुरे.

मुक्कामानंतर सकाळी स्टार्टर ओढून ओढून लागला. मल्टीमीटर लावला: बंद गाडीत १२.१ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.२. चांगल्या बॅटरीत रात्रभरानंतर १२.६ च्या आसपास दिसायला हवेत. इंजिन चालू असताना १४.२ म्हणजे अल्टरनेटर ठीक, बॅटरीच थकलेली. घरी पोचून ती बदलली. जम्पर लावायचा असेल तर क्रम असा: लाल वायर आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणाऱ्या वायूजवळ ठिणगी पडू नये म्हणून.

सोबत काय, आणि काय नको

प्रेशर गेज, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप, लांब दांड्याचा पाना, जम्पर केबल, लिटरभर कूलंट, काही फ्यूज, टॉर्च आणि गाडी बंद पडल्यावर मागे ठेवायचा इशाऱ्याचा त्रिकोण. स्टेपनीतली हवा घरून निघतानाच बघा. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट हमखास हरवलेली असते, ती म्हणजे लॉकिंग नटची किल्ली. अलॉय व्हीलवर बऱ्याचदा प्रत्येक चाकाला एक वेगळा नट असतो, त्याची किल्ली नसेल तर पंक्चर झाल्यावर चाक निघणार नाही. पैसे देण्याआधी मागून घ्या.

ऑइलमध्ये घालायची ताकद वाढवणारी बाटली, हवेऐवजी नायट्रोजन, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात महाग पेट्रोल, यातलं काहीही घेतलं नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तेच पैसे टायमिंग बेल्टला लावा. ज्या इंजिनात साखळीऐवजी रबरी बेल्ट असतो, तिथे तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं. आमच्याकडे बिल नव्हतं, घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच बदलून घेतले, कारण खोलायची मजुरी एकच. टायर बदलल्यानंतर शंभरेक किलोमीटरवर चाकांचे नट पुन्हा आवळले होते, एक थोडा सैल मिळाला.

गाडी आणायला निघताना परतीचं तिकीट काढून ठेवा, रद्द करता येईल असं. हातात तिकीट असलं की चासी नंबर जुळला नाही, इंजिन आधीच तापवून ठेवलेलं दिसलं किंवा डिपस्टिक दुधाळ निघाली, तर 'एवढ्या लांब आलोच आहोत' हा विचार निर्णयात येत नाही.