केडलस्टन: कर्झनचं घर आणि त्याची कलकत्त्यातली प्रतिकृती

इंग्लंडमधल्या डर्बी शहराच्या वायव्येला सात-आठ किलोमीटरवर केडलस्टन हॉल आहे. डर्बीशरला येणारी बहुतेक मंडळी चॅट्सवर्थचा प्रसिद्ध वाडा बघून परततात. मला मात्र केडलस्टनच बघायचं होतं. बंगालच्या फाळणीच्या धड्यात शाळेत भेटलेला लॉर्ड कर्झन १८५९ मध्ये इथेच जन्मला.

फाटकातून आत शिरल्यावर घर लगेच दिसत नाही. रस्ता वळतो, तळ्यावरचा तीन कमानींचा पूल येतो आणि मग समोरच्या चढावर ते खांबांचं भव्य दर्शनी तोंड उभं राहतं. आजूबाजूला नुसती हिरवळ, चरणाऱ्या मेंढ्या, जुनी झाडं. दुसरं एक घर नजरेला पडत नाही, आणि त्याला कारण आहे. इथे एक गाव होतं. १७५९ च्या सुमारास नॅथॅनिएल कर्झन या जमीनदाराने वाडवडिलांचं विटांचं घर पाडून नवं बांधायला घेतलं. देखावा मोकळा हवा म्हणून गाव दृष्टीआड हलवलं, रहदारीचा रस्ताही वळवला. उरलं ते फक्त चर्च, घराच्या कुशीला अगदी चिकटून. हे कळल्यावर त्या हिरवळीकडे मला पहिल्यासारखं बघवेना. ‘कर्झनने जे राखलं, ते कर्झननेच राखावं’ अशा अर्थाचं या घराण्याचं ब्रीद आहे. बाराव्या शतकापासून त्यांनी ही जमीन सोडलेली नाही, पण त्या राखण्यात इतरांनी किती सोडलं तेही इथेच समजतं.

वास्तू मात्र थक्क करते. आधी ब्रेटिंगहॅम, मग पेन आणि शेवटी रॉबर्ट अ‍ॅडम अशा तीन वास्तुविशारदांचा हात तिला लागला. मुख्य दालनात सुमारे २५ फुटी २० खांब आहेत, त्याच मुलखातल्या अ‍ॅलाबास्टर दगडाचे. मी एका खांबाजवळ बराच वेळ थांबले. सायीत केशराच्या काड्या विरघळाव्यात तशा तांबूस शिरा त्या फिकट दगडात पसरल्या आहेत. दालनाला खिडक्या नाहीत, उजेड वरून छतातूनच उतरतो. मागे रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावर बेतलेली घुमटाची गोल खोली आहे, ६२ फूट उंच. हा मधला भाग मुळात पाहुण्यांना दिपवण्यासाठी होता. कुटुंब राहायचं बाजूच्या वेगळ्या भागात. घर बघायला लोक तेव्हाही यायचे, आणि ते दाखवायची मिसेस गार्नेट नावाची घराची कारभारीण. तिचं तैलचित्र इथे आहे, हातात घराची माहितीपुस्तिका धरलेलं. उमरावांच्या चित्रांपेक्षा मला तेच आवडलं.

कलकत्त्याचं राजभवन (२०२५ पासून लोकभवन), म्हणजे तेव्हाचं गव्हर्न्मेंट हाउस, याच घराच्या आराखड्यावरून बांधलं गेलं. ते बांधवून घेतलं गव्हर्नर जनरल वेलस्लीने, १७९९ ते १८०३ या काळात. १८०३ म्हणजे आपल्याकडे असईची लढाई! शिंदे-भोसल्यांच्या फौजांना तिथे हरवणारा आर्थर वेलस्ली हा या गव्हर्नर जनरलचाच धाकटा भाऊ. इकडे मराठ्यांचं राज्य खिळखिळं होत होतं आणि तिकडे कलकत्त्यात डर्बीशरमधल्या एका जमीनदाराच्या घराची प्रतिकृती उभी राहत होती. पुढे १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून कर्झन त्याच वास्तूत राहायला आला. जन्म मूळ घरात आणि सत्ता त्याच्या प्रतिकृतीत, असा योग दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला असेल असं वाटत नाही.

त्याच्याबद्दल माझं मन एका बाजूला झुकत नाही. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा १९०४ चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण पुढच्याच वर्षी त्याने बंगालचे दोन तुकडे केले. त्याची झळ पुण्यापर्यंत पोचली, टिळकांनी स्वदेशी आणि बहिष्कार उचलून धरला, परदेशी कपड्यांची होळी पेटली. आपल्या नकाशासाठी माणसं हलवायची या घराण्याची सवय मला गावच्या गोष्टीतच दिसली होती.

तळमजल्यावर त्याने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्यातला मोराच्या पिसांच्या नक्षीचा पोशाख चुकवू नका. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी कर्झनची पत्नी मेरी हिने तो नृत्यसमारंभात घातला होता. कापडावरची जरदोजी भारतीय कारागिरांची, शिवण पॅरिसच्या वर्थ या नामांकित पोशाखघराची. काचेला नाक लावून बघितलं तर पिसांमधले हिरवे डोळे म्हणजे भुंग्यांचे खरेखुरे पंख आहेत हे दिसतं. जरीचं तेज उतरलंय, पंखांचा हिरवा अजून झळकतोय. मेरी १९०६ मध्ये गेली. चर्चमध्ये तिची आणि कर्झनची संगमरवरी समाधी आहे; तेवढ्यासाठी वेगळा वेळ काढा.

१९८७ पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. कलकत्त्याचं राजभवन पाहिलं असेल, तर इथे दक्षिणेच्या बाजूला जरूर जा. मूळ आराखड्यात चार कोपऱ्यांना चार इमारती होत्या, पण केडलस्टनला दोनच झाल्या. चारही पूर्ण झाल्या त्या कलकत्त्यात.