तुम्ही विचारलंत म्हणून: कोच बदलला की संघ बदलतो का?

आयपीएलमधला एखादा संघ ओळीनं चार सामने हरला की मला हा प्रश्न येतोच. नागपूरहून भाऊ फोनवर विचारतो, पुण्याची मैत्रीण विचारते, इथल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतं: "तुमच्या सेंट लुइसच्या हॉकीवाल्यांनी मधेच कोच बदलला आणि कप जिंकला ना? मग आपल्यांनीही तेच केलं तर?" रांगेत उभं राहून एवढं सगळं सांगता येत नाही, आणि त्या हंगामाबद्दल अर्धवट बोललेलं मला चालत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

हो, सेंट लुइस ब्लूजनी कोच बदलला. (हा NHL या अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधला संघ, आणि कप म्हणजे त्या लीगचा स्टॅन्ली कप.) 19 नोव्हेंबर 2018 च्या रात्री लॉस एंजेलिसकडून 2-0 अशी हार झाली आणि माइक यो यांना घरी पाठवण्यात आलं. तोवर 19 सामन्यांत 7 विजय. त्यांचे सहकारी क्रेग बेरूबी यांच्याकडे संघ सोपवला, तोही हंगामी, म्हणजे तात्पुरता कोच म्हणून. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचे सहा आठवडे मात्र कुणाच्या लक्षात नसतात. बेरूबी आल्यानंतरच्या पहिल्या 18 सामन्यांत ब्लूज फक्त 8 जिंकले, आणि 3 जानेवारी 2019 ची सकाळ उजाडली तेव्हा 31 संघांच्या तक्त्यात ते शेवटचे होते. 37 सामने, 34 गुण. नव्या कोचच्या हाताखाली संघ तळाला जाऊन बसला होता.

त्या डिसेंबरात या गावात काय वातावरण होतं ते सांगते. अमेरिकन फुटबॉलचा संघ 2016 साली लॉस एंजेलिसला निघून गेला होता, त्याची जखम ताजी होती. उरला बेसबॉल, आणि उरले ब्लूज. ब्लूज 1967 पासूनचे. पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा ते अंतिम फेरीत गेले, कारण लीगनं सगळे नवे संघ एकाच गटात टाकले होते आणि त्यातल्या एकाला अंतिम फेरी मिळणारच होती. तिथे मात्र मॉन्ट्रियल, पुन्हा मॉन्ट्रियल आणि मग बोस्टन यांच्याकडून तीन अंतिम फेऱ्यांत मिळून बारा सामने हरले, एकही जिंकला नाही. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं अंतिम फेरी दिसलीच नाही. इथे आजोबांनी नातवाला ब्लूजची जर्सी घेऊन द्यायची आणि त्याबरोबर निराशाही द्यायची, अशी घराघरांतली रीत.

आणि त्या वर्षी तर सरव्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी उन्हाळ्यात हात सैल सोडला होता. बफेलोकडून रायन ओ'रायली आणला, डेव्हिड पेरॉन परत आला, टायलर बोझॅक आला, याच गावात वाढलेला पॅट मरून एका वर्षाच्या करारावर घरी आला. कागदावर भारी संघ. डिसेंबरात तोच संघ सरावात एकमेकांच्या अंगावर धावून गेला. रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड या दोघांनी चक्क सरावाच्या बर्फावर ठोसे मारले. कॅमेरे चालू होते, सगळ्या देशानं पाहिलं. झॅक सॅनफर्ड हे नाव लक्षात ठेवा.

आता हा खेळ थोडा समजून घ्यायला हवा, नाहीतर कोचनं केलं काय ते कळणार नाही. बर्फावर दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू आणि एकेक गोलरक्षक. खेळ इतका दमवणारा की चांगल्यातला चांगला खेळाडूही एका वेळी साधारण पाऊण मिनिटाच्या वर टिकत नाही. खेळ चालू असतानाच एक कठड्यावरून उडी मारून बाहेर येतो, दुसरा आत जातो. याला शिफ्ट म्हणतात. पुढचे तिघे एकत्र आत-बाहेर करतात, ती एक फळी; बचावातले दोघे एकत्र. पाऊण मिनिटात विचार करायला वेळ नसतो. विचार आधीच होऊन अंगात मुरलेला असावा लागतो. कोचची खरी कसोटी इथे लागते: खेळाडूला बर्फावर डोकं वापरावंच लागू नये, इतकं सगळं आधी सोपं करून ठेवायचं.

बेरूबीनी तेच केलं. ते स्वतः या लीगमध्ये हजारावर सामने खेळलेले, तेही दांडगाई करणाऱ्या खेळाडूची भूमिका निभावत. तीन हजारांहून जास्त मिनिटं शिक्षेच्या खोक्यात बसलेले. गोड बोलण्याची ख्याती नाही. चुकलास तर तोंडावर सांगणार, आणि सांगून झालं की विषय संपला. त्यांचा खेळही तसाच सरळ. आपल्या भागातून पक (चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) लवकर बाहेर काढा, मधे नक्षीकाम करत बसू नका, समोरच्या बचावपटूंच्या पाठीमागे खोल टाका, आणि तिथे जाऊन अंगाचा भार टाकत तो हिसकावून घ्या. एकदा, दोनदा, वीसदा. चारही फळ्यांना बर्फावर वेळ मिळायचा, म्हणून सामन्याच्या तीन भागांपैकी शेवटच्या भागात समोरचा संघ धापा टाकायचा आणि ब्लूजचे पाय चालत राहायचे. कोल्टन परेको आणि जे बाउमीस्टर ही बचावाची जोडी समोरच्या सर्वांत धोकादायक फळीपुढे उभी करायची, हेही ठरून गेलं.

यात चमत्कार कुठे आहे? मला तरी दिसत नाही. पण सवय बदलायला वेळ लागतो, आणि हंगामाच्या मध्यात तो मिळत नाही. दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सामना, मधे विमानप्रवास, सरावाला उरतो जेमतेम तास. नागपूरची असल्यामुळे मला इथे विदर्भ आठवतो. चंद्रकांत पंडित 2017-18 ला विदर्भाचे कोच झाले आणि त्याच हंगामात, 1 जानेवारी 2018 ला इंदूरच्या मैदानावर दिल्लीला हरवून फैज फझलच्या संघानं पहिला रणजी करंडक जिंकला. त्याआधी विदर्भ कधी अंतिम फेरीतही गेला नव्हता. माझा भाऊ तेच उदाहरण माझ्या तोंडावर फेकतो: बघ, कोच बदलला आणि झालं! पण पंडितांना हंगामाआधीची तयारी मिळाली होती. आपल्या शिस्तीत मुलांना बसवायला त्यांना उसंत मिळाली. बेरूबीनी चालत्या गाडीचं चाक बदललं. त्या 18 सामन्यांत जे हरताना दिसत होतं, ते मला वाटतं शिकणं होतं. निकालात ते उमटायला जानेवारी उजाडला, इतकंच.

आणि जानेवारीत आला जॉर्डन बिनिंग्टन. याच्याशिवाय माझं उत्तर खोटं ठरेल, म्हणून त्याच्यापाशी थोडी थांबते. पंचविशीचा गोलरक्षक, वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये कुजत पडलेला. आदल्या हंगामात तर त्याला बोस्टनच्या खालच्या संघाला उसना दिला होता. ब्लूजच्या गोलरक्षकांच्या यादीत तो चौथा धरला जायचा. 7 जानेवारीला फिलाडेल्फियात त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं. त्यानं 25 फटके अडवले, एकही आत जाऊ दिला नाही, 3-0. मग थांबलाच नाही. त्या हंगामात 24 विजय, नियमित वेळेतले पराभव फक्त पाच, आणि सामन्यामागे सरासरी दोनहून कमी गोल. 23 जानेवारी ते 19 फेब्रुवारी या काळात ब्लूजनी ओळीनं 11 सामने जिंकले, हा त्यांचा तेव्हाचा विक्रम. त्याच दिवसांत तिकडे जामठ्याला विदर्भानं दुसरा रणजी करंडक उचलला, आणि आमच्या घरात रोज कुणीतरी जिंकत होतं.

तर मग संघ कोचनं वर आणला की गोलरक्षकानं? लोक मला एकाच नावावर बोट ठेवायला सांगतात. मी ठेवत नाही. बिनिंग्टननं गोल अडवले, पण त्याच्यापुढे येणारे फटके सोपे झाले होते ते बेरूबीच्या बचावामुळे. आणि यादीतल्या चौथ्या माणसाला संधी देऊन ती टिकवू देणं, हा निर्णय कुणीतरी घ्यावाच लागतो. तिसरं नाव आर्मस्ट्राँग यांचं. डिसेंबरात मोठमोठे खेळाडू विकून टाकणार अशा वावड्या उठत होत्या. त्यांनी कुणालाही विकलं नाही. हातावर हात ठेवून थांबणं हेही धाडसाचं काम आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना फार कमी मिळतं.

हंगाम संपला तेव्हा 99 गुण, गटात तिसरा क्रमांक. पण गुणांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते प्लेऑफमध्ये हरल्यानंतर काय झालं ते. तिथे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात, आधी चार जिंकेल तो पुढे. ब्लूज असे 26 सामने खेळले, 10 हरले. प्रत्येक पराभवानंतरचा सामना पाहिला तर त्या दहांपैकी आठ त्यांनी जिंकले. नवं नेतृत्व म्हणजे काय, हे मला या आकड्यात दिसतं.

सॅन होजेविरुद्धचा तिसरा सामना घ्या. ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरीनंतरचा जादा वेळ. टिमो मायरनं हाताच्या पंजानं पक पुढे ढकलला, तो पुढे जाऊन एरिक कार्लसननं गोल मारला. आपल्या बचावाच्या भागाबाहेर हातानं सहकाऱ्याकडे पक देणं नियमात बसत नाही. घरी टीव्हीवर बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते दिसलं, बर्फावरच्या चार पंचांपैकी एकालाही दिसलं नाही, आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणे ते व्हिडिओवर तपासता येत नव्हतं. घरच्या मैदानावर, डोळ्यांदेखत सामना गेला. गाव पेटलं होतं. बेरूबीनी पत्रकारांपुढे थयथयाट केला नाही, चौथ्या सामन्याची तयारी करायची म्हणाले आणि उठले. पुढचे तिन्ही सामने ब्लूजनी जिंकले: 2-1, 5-0, 5-1. नियमित हंगामात जेमतेम 11 गोल करणारा जेडन श्वार्ट्झ प्लेऑफमध्ये 12 करून बसला.

त्याआधी डॅलसविरुद्धचा सातवा सामना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गेला. एकोणीस वर्षांच्या रॉबर्ट थॉमसनं मारलेला पक खांबाला लागला, उसळून गोलरक्षक बेन बिशपच्या डोक्यावर मागून आदळला आणि गोलरेषेपाशी पडला. बिशपला तो दिसेना. पॅट मरून तिथेच होता, त्यानं हलकेच आत ढकलला. बिशपही सेंट लुइसमध्येच वाढलेला. एका गावच्या मुलानं दुसऱ्याला हरवलं, आणि प्रेक्षकांत मरूनचा मुलगा रडत होता.

अंतिम फेरी बोस्टनशी, पुन्हा बोस्टन. तिसरा सामना घरात 7-2 हरले, सहावा घरात 5-1. कप गावात आणून ठेवला होता, तो तसाच परत गेला. 12 जूनला सातवा सामना बोस्टनमध्ये. पहिली पंधरा मिनिटं यजमानांनी इतका दाब टाकला की मला खुर्चीत बसवेना. बिनिंग्टन एकटा उभा होता. त्या पहिल्या भागात बोस्टनचे फटके 12, ब्लूजचे अवघे 4. त्या चारांत दोन गोल. पहिला ओ'रायलीनं बाउमीस्टरच्या फटक्याला हलका स्पर्श करून वळवलेला. दुसरा जास्त बघण्यासारखा: भाग संपायला काही सेकंद उरलेले, ब्लूज चढाई करत होते, आणि बोस्टनचा ब्रॅड मर्शांड शिफ्ट बदलायला बाकाकडे वळला. ती जागा मोकळी झाली. श्वार्ट्झनं पक दिला, कर्णधार ॲलेक्स पिएट्रँजेलो बचावातून धावत आला आणि उलट्या हातानं वर उचलून आत. वर सांगितलेली ती पाऊण मिनिटाची शिस्त एका बाजूला चुकली आणि दुसऱ्या बाजूला बरोबर जमली, एवढ्यावर 2-0 झाले. शेवट 4-1. ब्लूजचा चौथा गोल कुणाचा? झॅक सॅनफर्डचा, बोस्टनजवळच्या सेलममध्ये जन्मलेल्या, आणि डिसेंबरात स्वतःच्याच सहकाऱ्याशी भिडलेल्या मुलाचा.

तीन दिवसांनी मार्केट स्ट्रीटवर मिरवणूक निघाली. आमच्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ वडिलांचा फोटो छातीशी धरून उभे होते. मला त्यांच्याशी काही बोलायचं सुचलं नाही, मी फक्त त्यांच्या बाजूला उभी राहिले.

हंगामी असलेले बेरूबी कप जिंकल्यानंतर कायम झाले. डिसेंबर 2023 मध्ये आर्मस्ट्राँग यांनीच त्यांना काढलं. मला वाईट वाटलं, आणि निर्णय पटलाही नाही, पण या धंद्यात कोचचं आयुष्य इतकंच असतं. पुढच्या वर्षी ते टोरांटोच्या संघाचे कोच झाले, तेव्हापासून तिथले मराठी मित्र मला तोच प्रश्न विचारतात. पहिल्याच हंगामात टोरांटोनं 108 गुण मिळवून गट जिंकला, ओटावाला हरवलं, फ्लोरिडाविरुद्ध 2-0 अशी आघाडी घेतली आणि सातवा सामना घरात 6-1 हरला. त्याचं खापर बेरूबींवर फोडायला मी तयार नाही. 2013, 2018, 2019, 2021, 2022, 2024: प्लेऑफचे सातवे सामने टोरांटो त्यांच्या आधीच्या कोचांच्या हाताखालीही हरत आला होता, आणि इतकी जुनी सवय एका हंगामात मोडेल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.