बटव्याचं तोंड

आजीबाईचा बटवा म्हटलं की हल्ली सुंठ, वेखंड, जायफळ आठवतं. ते सगळं ज्यात राहायचं ती पिशवी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. सुपारी कातरायचे अडकित्ते टिकले, पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. कापडी बटवे वापरून वापरून विरले.

चोळीच्या खणातून उरलेल्या तुकड्याचाही बटवा होई. दिसायला सोपा, पण सगळी गोम तोंडाशी. अस्तर लावून, शिवून उलटवल्यावर 28 सेंमी व्यासाचं वर्तुळ मिळालं आणि काठापासून साडेतीन सेंमी आत नेफा घेतला, तर त्याचा घेर 66 सेंमी भरतो. नाड्या दोन, प्रत्येकी 90 सेंमी. एक डाव्या काजातून शिरते, पूर्ण फेरी मारून तिथूनच बाहेर येते; दुसरी उजवीकडून तशीच. एकाच नाडीवर भागवलं की चुण्या एका बाजूला गोळा होतात, तोंड वाकडं मिटतं आणि सुपारी नेमकी तिथूनच निसटते.

भरतकाम अस्तर लावण्याआधी उरकायचं. नंतर केलं तर गाठी आत राहतात आणि किल्ली त्यांत अडकून दोरा ओढते. नेफ्याजवळ आभले, म्हणजे भरतकामातले छोटे आरसे, नकोतच. चुण्या पडल्या की काच काचेवर घासते, शिवाय तोंड पुरतं मिटत नाही. त्यांची जागा पोटावर.

आभल्याला भोक नसतं, त्यामुळे त्याला दोऱ्याच्या चौकटीत धरावं लागतं. आधी चार आडवे-उभे धागे, त्यांवर तिरपे चार, मग कडेने काजाचा टाका. या कडेच्या टाक्यांनी चौकट बाहेर ओढली जाते. म्हणून धागे सुरुवातीला मध्याकडे आणि ताठ घ्यायचे, थोडे जास्तच आत वाटले तरी चालेल. नवखा हात आरसा जास्त दिसावा म्हणून ते कडेला घेतो आणि चार दिवसांत आभला गळतो. बंजारा बायका कवड्याही लावतात. कवडीची पाठ घासून सपाट केली की आरपार भोक मिळतं. भोकाची धार मात्र मोडायला हवी, नाहीतर तीच दोरा कापते.

पान-सुपारीच्या चंचीला ही नेफ्याची कटकट नाही. कप्प्यांची लांब पट्टी, गुंडाळली आणि दोरीने बांधली. चुना तेवढा डबीत. उघडा ठेवला तर कापड खातो.

राहता राहिला बटव्याच्या नाडीच्या टोकाचा गोंडा. तो काजापेक्षा जाडच हवा. सुटला की नाडी नेफ्यात पळते, मग बसा सेफ्टी पिन घेऊन.