पांढऱ्या पापण्यांची गाय

गोव्यात पाच दिवस होतो. त्यातले तीन कळंगुट-बागाच्या गर्दीत गेले. पार्किंग शोधत तासभर फिरायचं आणि त्याला सुट्टी म्हणायचं, हे मला जमत नाही. चौथ्या दिवशी दिवाळीचा पाडवा. डिचोलीजवळ बायकोच्या मावशीचं घर आहे, तिथे गेलो.

इकडे हा गोरवांचा, म्हणजे गुरांचा पाडवा. पोचलो तेव्हा गुरं न्हाऊन तयार होती, गळ्यात झेंडूच्या माळा आणि दोऱ्यात ओवलेले पोळे, म्हणजे तांदळाच्या आंबोळ्या. गोठ्यात दोनच गायी. एक संकरित जर्सी, तांबूस, वशिंड जेमतेम, डोक्यावर पंखा गरगरतोय तरी धापा टाकत उभी. दुसरी बुटकी, पांढरीफेक.

मी करवीर तालुक्यातला. आमच्याकडे जनावर म्हणजे लिटर आणि फॅट. वडिलांच्या गोठ्यात तीन एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या विलायती गायी आहेत, म्हशी वेगळ्या. एचएफ बादली भरते पण दूध पातळ. जर्सी त्या मानाने कमी देते पण फॅट पाच टक्क्यांच्या आसपास लागतो. हे ज्ञान मी अंगणात पाय टाकल्या टाकल्या पाजळायला सुरुवात केली. बायकोने दोनदा डोळे वटारले.

बोटीवर नोकरी करणारा मेव्हणा सुट्टीवर आला होता, त्याने भर घातली. परदेशात म्हणे हॉटेलच्या मेनूकार्डावर गुराची जात छापतात, 'अँगस' म्हणून. मूळची स्कॉटलंडची, काळी, शिंगंच नाहीत. तिकडे कामं वाटून दिलेली: होल्स्टीन, जर्सी दुधाला, अँगस, हेरफर्ड मांसाला. आपल्याकडे खिल्लारसारख्या जाती औताला आणि गाडीला बैल मिळावा म्हणून जपल्या, दूध मिळेल तेवढं. हे मी सांगितलं आणि त्याच दमात पांढरीकडे बोट दाखवून विचारलं, "मावशी, ही दूध किती देते?"

मावशी तिच्या कपाळाला कुंकू लावत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "वासराला पुरून उरलं तर आमका. जावईबापू, तुम्ही जेवायला बसलात की आधी ताट वजन करता?"

मेव्हणा खो-खो हसला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. राग गिळायला म्हणून गायीजवळ गेलो आणि तेव्हा दिसल्या तिच्या पापण्या. पांढऱ्या! शेपटीचा गोंडासुद्धा पांढरा. काळा ठिपका शोधत मी तिच्याभोवती चक्कर मारली. नाही सापडला. मुस्कटाजवळ वाकलो तर तिने माझ्या नव्या कुडत्याची बाही निवांत तोंडात घेतली.

ती श्वेतकपिला. वर्षानुवर्षं सरकारी कागदावर तिला जातच नव्हती, सगळ्या गावठीत जमा. जुने गोव्याजवळ एला इथे केंद्राची शेती संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांनी तिचा अभ्यास केला आणि 2020 मध्ये स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली. दूध दिवसाला दोन-तीन लिटर. पण जर्सीला पेंड, पंखा, महिन्याला डॉक्टर. ही सकाळी सुटते, दिवसभर डोंगराला चरते आणि तिन्हीसांजेला आपणहून दारात येते. गोव्याचा पाऊस, दमट उकाडा, गोचीड, सगळं अंगावर काढते. आमची एचएफ इथे एक मे महिना काढू शकली असती का, शंका आहे.

दुपारी पाच प्रकारचे फोव, म्हणजे पोहे, समोर आले. रसातले एवढे गोड की मी तिसऱ्यांदा घेतले. वजन न करता.

पाचवा दिवस तिलारी घाटात गाडी तापण्यात गेला. वाटेत वडिलांना फोनवर पांढऱ्या गायीचं कौतुक सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध किती देती?"

"अडीच."

"टायमाला?"

"दिवसाला."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "मग ठेवत्यात कशाला?"

मी त्यांना मावशींचा नंबर दिला.