गुणिले ५०

सकाळी साडेनऊला उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, मालकांचा फोन आला. "रशियाच्या पार्टीचा मेल आलाय, पण सगळी अक्षरं भुतासारखी दिसत्यात. व्हायरस घुसलाय बहुतेक. लवकर ये बघ." त्यांच्याकडचे कॉम्प्युटर मीच बघतो, काका म्हणतो त्यांना.

ऑफिसात पोहोचलो तर मेल उघडाच होता. डोक्यावर टोप्या, टिंबं, तिरप्या रेघा असलेली इंग्रजी अक्षरं, आणि मधेमधे आकडे तेवढे स्वच्छ. टेबलावर एक प्रिंटही होती, तिच्यात नुसती प्रश्नचिन्हं. मुलानं मजकूर कॉपी करून दुसऱ्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये टाकला होता. ती प्रिंट मी आधी बाजूला सारली. टोपीवाल्या अक्षरांत मूळ मजकूर शाबूत असतो, फक्त चुकीचा तक्ता लावून वाचला जातो. तक्ता म्हणजे आत साठवलेल्या कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर दाखवायचं त्याची यादी. प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर पुसलंच, तिथून काही परत मिळत नाही. म्हणून असा मेल आला की आधी मूळ मेलला हात लावू नये, हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो.

काकांनी एका ओळीचा अर्थ लावून ठेवला होता. "हे बघ, गुणिले ५० लिहिलंय. म्हणजे ५० नग जादा पाहिजेत." खरंच, तिथं टोपीवाला ए, मग ठळक गुणाकाराची फुली, आणि पुढं ५०.

मेलचा सोर्स काढला. मजकूर कुठल्या कॅरेक्टर सेटमध्ये, म्हणजे कुठल्या तक्त्यात आहे, ती ओळच पाठवणाऱ्याकडून आली नव्हती. मग इथल्या प्रोग्रॅमनं पश्चिम युरोपचा तक्ता धरला. मेल फाईल म्हणून सेव्ह केला, नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडला आणि एन्कोडिंगच्या मेनूत सिरिलिक म्हणजे रशियन लिपीखाली आधी केओआय८-आर हा तक्ता निवडला. रशियन अक्षरं उमटली. काका खूश झाले, पण मला ते पटेना. वाक्याचं पहिलं अक्षर लहान आणि बाकी सगळी मोठी, असं कोण लिहितं? विंडोज-१२५१ या दुसऱ्या रशियन तक्त्यात जिथं लहान अक्षरं असतात, तिथं केओआय८-आर मध्ये मोठी बसवलेली आहेत. ही उलटापालट दिसली की तक्ता चुकला असं समजायचं. १२५१ निवडलं आणि पान जागच्या जागी बसलं. ज्यांनी जुन्या मराठी फॉन्टच्या फायली फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्यात, त्यांना हे लगेच कळेल. आत साठवलेला आकडा तोच, त्याला दिलेला चेहरा वेगळा.

मग त्या फुलीकडं वळलो. १२५१ मध्ये २१५ या आकड्यावर रशियन 'च' आहे, पश्चिम युरोपच्या तक्त्यात त्याच जागी गुणाकाराचं चिन्ह. त्याआधीचा टोपीवाला ए म्हणजे १९४, रशियन 'व'. म्हणजे ओळ होती 'वच ५०'. शोधून बघितलं, तर ही 'विसोकोप्रोच्नी चुगून'ची आद्याक्षरं, म्हणजे जास्त ताकदीचं ओतीव लोखंड. आपलं एसजी आयर्न. ५० ही त्याची ताण सहन करायची ताकद, चौरस मिलिमीटरला किलोत. या पार्टीच्या आधीच्या ऑर्डरींत 'सच' असायचं, म्हणजे ग्रे आयर्न, साधं ओतीव लोखंड. नग वाढले नव्हते, धातू बदलला होता.

काका खुर्चीत मागं टेकले. "उद्या सकाळी ग्रेची भट्टी लावणार होतो की रं."

माझ्या वाचनावर माल ओतू नका म्हणालो. ग्रेड आणि नग दोन्ही इंग्रजीत विचारून घ्या, आणि पुढचे मेल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या तक्त्यात, पाठवायला सांगा. मेल तिथंच बसून लिहिला. संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर आलं. एसजी, नग पहिल्याइतकेच.

काकांनी ड्रॉइंगवरचं '५० जादा' लाल पेन्सिलीनं खोडलं आणि पॅटर्नवाल्याला, म्हणजे साच्याचा नमुना बनवणाऱ्याला, फोन लावला. "श्रिंकेज परत तपास, धातू बदललाय, थंड होताना आकसणं वेगळं असणार."