तुम्ही विचारलंत म्हणून : स्पोर्टी गाडीला कोणता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्यावा?

स्पोर्टी सेडान घ्यायची आहे, रोज चालवायची असल्यामुळे ऑटोमॅटिकच हवी, तर मग डीएसजी (फोक्सवॅगन समूहाचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स) घ्यावा की टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या प्रवाहातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स), असे मला ओळखीतले लोक वरचेवर विचारतात. प्रश्न बहुतेक वेळा चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसवरून निघतो. 2022 मध्ये ही गाडी आली, तेव्हा 1.0 लिटरच्या 115 पीएस (अश्वशक्ती) इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि 1.5 लिटरच्या 150 पीएस इंजिनाला सात गिअरचा डीएसजी अशी तिच्या ऑटोमॅटिकची विभागणी होती. स्कोडा स्लाव्हियाचेही तेच. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच येत असल्यामुळे गिऱ्हाईक 150 पीएसवर भाळते आणि गिअरबॉक्सचा विचार राहूनच जातो. मी उलट क्रमाने विचार करायला सांगतो : तुमच्या दिवसातला सगळ्यांत संथ तास कोणत्या रस्त्यावर जातो ते आधी पाहा आणि गिअरबॉक्स त्यावरून ठरवा.

डीएसजीमध्ये क्लच दोन असतात. एका क्लचकडे 1, 3, 5, 7 हे गिअर असतात, तर दुसऱ्याकडे 2, 4, 6 आणि रिव्हर्स. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पळत असतानाच चौथा लागून तयार असतो, त्यामुळे बदल क्षणार्धात होतो आणि ओढ तुटत नाही. ताम्हिणी घाट उतरताना वळणाच्या अलीकडे स्टिअरिंगमागचे गिअर बदलण्याचे डावे पॅडल ओढले, की इंजिनाचे आरपीएम झटक्यात चढून गिअर खाली येतो, पुढचा भार किंचित वाढतो आणि गाडी वळणात ठामपणे बसते. हा आनंद खरा आहे आणि ज्याला तो हवा आहे त्याने तो जरूर घ्यावा.

परंतु व्हर्टसचा हा डीएसजी ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच प्लेटा तेलात बुडलेल्या नसतात आणि त्यांची उष्णता आजूबाजूच्या हवेलाच वाहून न्यावी लागते. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत गाडी हातभर सरकते आणि थांबते, तेव्हा प्रत्येक वेळी क्लच अर्धवट लागून घासला जातो. चढावर ब्रेक न दाबता एक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय असेल तर तो आणखी तापतो. म्हणून डीएसजी घेणाऱ्याने पुढच्या गाडीमागे जरा अंतर मोकळे ठेवावे, ते वाढल्यावरच ब्रेक पूर्ण सोडून पुढे जावे आणि चढावर गाडी ब्रेकनेच धरावी. शिवाय हा गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी (म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरासाठी) बनवलेला आहे आणि 1.5 इंजिनाचा टॉर्क नेमका तेवढाच आहे. गाडी घेतल्या घेतल्या रिमॅप करण्याचा, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा, बेत असलेल्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

टॉर्क कन्व्हर्टरचे तत्त्व समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांसारखे आहे : एक फिरला, की मधल्या तेलाच्या प्रवाहाने दुसराही फिरू लागतो. रांगेत सरकताना जी घसरण होते ती तेलात होते आणि तिची उष्णता तेलाबरोबर निघून जाते. गाडी वेगात आली, की आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून घेतो. सहा गिअरचा हा गिअरबॉक्स बदलाच्या चपळाईत डीएसजीच्या मागे पडतो, हे मान्य. तरीही टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे सुस्तपणा, हा समज आता जुना झाला आहे. बीएमडब्ल्यूने 2017 मध्ये नवी एम-5 आणताना आधीचा सात गिअरचा ड्युअल क्लच बाजूला ठेवून आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर निवडला, आणि त्या गाडीला कोणी सुस्त म्हणणार नाही.

एएमटी आणि सीव्हीटी यांचा विचार स्पोर्टी गाडीसाठी मी करत नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते; त्यात एकच क्लच असल्यामुळे प्रत्येक बदलाला ओढ तुटते आणि मान पुढे झुकते. ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी शहरात मऊ चालतो, पण जोरात दाबल्यावर आधी इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी त्यामागून येते. तेलात बुडलेल्या क्लचचा ड्युअल क्लच मिळत असेल तर मात्र तो अवश्य पाहावा. टाटांनी 2022 मध्ये अल्ट्रोझसारख्या छोट्या गाडीतही तो दिला, त्यामुळे ती केवळ महागड्या गाड्यांची मिरास राहिलेली नाही.

तेव्हा ज्याचा रोजचा तासभर सिग्नल आणि पूल यांवरच जातो, त्याने 35 पीएसचा मोह सोडून टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा. ज्याचे बहुतेक चालवणे महामार्गावर आणि घाटांत होते, त्याने डीएसजी निःशंकपणे घ्यावा. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले मोकळ्या रस्त्यावर नेतात. तुम्ही गाडी तळघराच्या रॅम्पवर न्या, चढावर मध्येच थांबवा, ब्रेकवरून पाय काढा आणि गाडी किती मागे सरकते, निघताना थरथरते का, ते पाहा. तोच रॅम्प रिव्हर्समध्येही चढून पाहा. डीएसजीच ठरला, तर बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी वाढीव वॉरंटीचा कागद मागून घ्या आणि त्यात मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारा भाग) व दोन्ही क्लच धरले आहेत, की क्लच प्लेटा झिजणारा भाग म्हणून वगळल्या आहेत, हे स्वतः वाचून घ्या.